राहून गेलं

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

बरेच महिने पत्र नाही, म्हणून आधी कान पकडते. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला स्वतःचाच श्वास ऐकू येतो, आणि तुम्ही आवाज चढवलात की तिकडे आत्या आतून विचारतात, कोण भांडतंय. त्यापेक्षा पत्र बरं.

आजचं पत्र मात्र बाबांना कमी आणि सरांना जास्त आहे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठे अडलं की मला तुमच्या पोर्तुगीजच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरून हात वर करावासा वाटतो.

एका प्रकाशन संस्थेने परिचारिकांसाठी पुस्तिका काढायला घेतली आहे. नीती-अनीतीचे इंग्रजी शब्द, समोर पोर्तुगीज शब्द आणि दोन ओळींचा खुलासा. पोर्तुगीज बोलणाऱ्या बऱ्याच मुली इथल्या दवाखान्यांत नव्याने लागल्या आहेत आणि नियमावली सगळी इंग्रजीत. संपादिकाबाईंनी बजावलं आहे, की खुलासा असा हवा की बारा तास उभं राहून आलेल्या मुलीला वाचताना झोप येऊ नये.

माझं अडलंय ते फॉल्ट, ब्लेम आणि गिल्ट या तिघांवर. तिघांपुढे मी ‘कुल्पा’च लिहून ठेवलंय. बघताना बरं वाटत नाही. दुसरा काही शब्द आहे का?

घरी सगळं ठीक. तुमच्या मुलाचा गुडघा दुखतोय म्हणून तो थोडे दिवस रजेवर आहे. काळजीचं काही नाही. आत्यांना नमस्कार.

तुमची सून


११ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा शुद्धलेखनासाठी. दोन्हीत पास आहेस.

तिन्हींना कुल्पाच. दुसरा शब्द शोधत बसू नकोस, सापडणार नाही. चूक ज्याची असते त्याची कुल्पा. दुसऱ्याच्या माथी मारतात तीही कुल्पा. आणि मनाला जे टोचत राहतं, झोपू देत नाही, तीही कुल्पाच. असते, टाकतात, वाटते. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, म्हणून शब्दापुढे एकेक छोटं वाक्य दे. आमच्या वर्गात पोरं ‘कुल्पा म्हणजे कुलूप’ असं घोकायची. मी ओरडायचो. आता वाटतं, फार काही चुकत नव्हती बिचारी.

क्षमा मागताना म्हणतात ते ‘देश्कुल्पा’ही देऊन टाक. ‘देश’ म्हणजे काढून घेणं. म्हणजे अक्षरशः, माझ्यावरची कुल्पा काढून घ्या. दोष आपला आणि उचलायचं काम समोरच्याचं! भाषा कुठलीही असो, माणूस आळशीच.

आता एक शंका. असली पुस्तिका अक्षरक्रमाने असते. मग ‘ए’पासून सुरुवात न करता तू मधलेच तीन शब्द उचलून कशी काय अडलीस? अकाउंटेबिलिटीवर माझी आख्खी हयात अडली होती, तू ती सहज ओलांडून गेलीस?

आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी गुडघ्यासाठी रजा घेतली? लग्नाच्या दिवशी सकाळी एका इमारतीची लिफ्ट तपासून मग मांडवात आलेला माणूस तो. गुडघ्याला माझ्यातर्फे विचार, बाबा रे, तू एवढा मोठा केव्हा झालास.

आत्याचा उजवा कान आता डाव्याच्या वळणावर गेला आहे. त्यामुळे घरात शांतता आहे, म्हणजे आमचं ओरडणं सोडून.

बाबा


२० फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

कुल्पाची वाक्यं संपादिकाबाईंना आवडली. ‘देश्कुल्पा’चा खुलासा त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना वाचून दाखवला म्हणे.

अक्षरक्रमाचं तुम्ही बरोबर पकडलंत. मी जे सुचेल ते आधी करतेय. अकाउंटेबिलिटीपुढे मी ‘रेश्पोन्साबिलिदाद’ लिहिलं होतं, पण तोच शब्द रिस्पॉन्सिबिलिटीलाही गेला आणि लायबिलिटीलाही. तीन दारं आणि चावी एक. काय करू?

पुढचे शब्द: नेग्लिजन्स, केअरलेसनेस, ओव्हरसाइट. पहिल्या दोघांना ‘नेग्लिजेन्सिया’ आणि ‘देश्कुइदु’ देतेय. ओव्हरसाइटचं मात्र काही खरं नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ देखरेखही होतो आणि नजरेतून सुटणंही होतो. ज्याने बघायचं तोही ओव्हरसाइट, आणि त्याने बघितलं नाही तोही ओव्हरसाइट. दोन दिवस मी त्या एका शब्दासमोर बसून आहे. म्हणजे बसते, मग उठून भांडी घासते, मग परत बसते. काल घासलेलीच परत घासली.

तुमचा मुलगा बाल्कनीत बसून जुने स्क्रू आकारानुसार वेगळे करतो. तीन डबे भरले. खाली जायचं झालं तर हल्ली जिन्यानेच उतरतो. पाच मजले, पण हरकत नाही म्हणतो, व्यायाम होतो.

बाकी ठीक.

तुमची सून


२८ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

आधी शब्दांचं उरकतो. अकाउंटेबिलिटीला एक शब्द शोधू नकोस, क्रियापद दे: ‘रेश्पोन्देर पोर’. एखाद्या गोष्टीबद्दल उत्तर देणं. विचारलं तर गप्प न बसणं. परिचारिकांना तेवढं पुरे. ओव्हरसाइटचे दोन भाग कर. देखरेखीला ‘सुपरविझाव’, सुटण्याला ‘लाप्सु’. दोन्ही एका शब्दात कोंबणं हा इंग्रजांचा घोळ आहे, तो आपण निस्तरायचं कारण नाही.

आता दुसरं. ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस पाच मजले जिन्याने उतरत नाही. स्क्रू निवडत नाही. आणि तू घासलेली भांडी परत घासणारी बाई नाहीस, उलट एकदा तरी घासली जातील का, अशी आम्हाला भीती असायची.

मी म्हातारा झालो असेन, पण वाचता येतं. कुल्पा, निष्काळजीपणा, नजरेतून सुटणं. तुमच्या दोघांत काही झालंय का? त्याच्याकडून काही वावगं घडलंय का? दुसरी कोणी आहे का? की तूच निघून गेली आहेस आणि पत्रात तोंडदेखलं घर रंगवून पाठवतेस? जे असेल ते मला कळू दे. मुलगा माझा असला, तरी त्याची बायको होण्याआधीपासून तू माझी विद्यार्थिनी आहेस. तुझी बाजू ऐकल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

शेवटी राहवलं नाही म्हणून त्याला फोन लावला होता. कोणीतरी उचलला. नेहमीसारखा श्वास ऐकू आला. या वेळी तो माझा होता की त्याचा, सांगता येत नाही.

बाबा


९ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

नाही, दुसरी कोणी नाही. मीही कुठे गेलेली नाही. असं काही असतं तर निदान चिडता आलं असतं.

सांगते. जानेवारीच्या सुरुवातीला एका चार मजली इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळली. आत एकच बाई होती. तिसऱ्या मजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दुपारचं जेवून परत वर गेली होती, पण लिफ्टचं दार उघडलंच नाही आणि लिफ्ट सुटली. ती जिवंत आहे. पाठीचा कणा मोडलाय आणि ती शुद्धीवर नाही.

ती लिफ्ट नोव्हेंबरात तुमच्या मुलाने तपासून ‘ठीक’ म्हणून दिली होती.

लिफ्टच्या खाली एक पकड असते. लिफ्ट वेडीवाकडी सुटली, की ती पकड बाजूच्या रुळांना चावते आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. ती पाहायची तर तळाच्या खड्ड्यात उतरावं लागतं. त्या दिवशी खड्ड्याच्या दाराची किल्ली रखवालदाराजवळ नव्हती. तो म्हणाला, साहेब, घरून आणतो. तुमच्या मुलाचा गुडघा दुखत होता, ते मी खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवसातली ती शेवटची लिफ्ट होती. तो म्हणाला, “राहू दे.”

पकड गंजून घट्ट बसलेली होती. चावलीच नाही.

मला हे त्याने एकदाच सांगितलं, अपघाताच्या दिवशी, बूट काढता काढता. मी विचारलं, “तू उतरलाच नाहीस?” तो म्हणाला, “राहून गेलं.” त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. कामावरून त्याला घरी बसवलंय. एप्रिलमध्ये चौकशी आहे. त्याच्या कंपनीने वकील दिला आहे. तो घरी येतो, चांगला माणूस आहे, बूट बाहेर काढतो. त्याने एक वाक्य लिहून दिलंय आणि तेच म्हणायला सांगितलंय: “खालच्या भागाची तपासणी त्या वेळी होऊ शकली नाही.” त्यापुढे काही विचारलं तर सगळा रोख किल्लीवर न्यायचा.

बाबा, तुम्ही व्याकरण शिकवलंत. या वाक्यात माणूस कुठे आहे, ते मी शोधत होते. तसं ‘राहून गेलं’ मध्येही नाही. मी त्याचं पोर्तुगीज करून बघितलं. पुस्तिकेत तो शब्द नाही, उगाच करून बघितलं. जमलं नाही. तिथे कोणीतरी काहीतरी ठेवावं लागतं, विसरावं लागतं. आपल्याकडे आपोआप राहतं.

तुम्ही विचाराल, तू कशी आहेस. मला काही वाटत नाही. रडू नाही, राग नाही. स्वयंपाक करते, त्याला वाढते, शब्द लावते. परवा चहाने तोंड पोळलं, ते संध्याकाळी जेवताना लक्षात आलं. त्याचंही तसंच असावं. आम्ही दोघं घरात असे वावरतो, की जणू घर दुसऱ्याचं आहे आणि मालक यायच्या आत आवरून ठेवायचंय.

आत्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची सून


१८ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं.

त्याला सांग, वकिलाचं ऐक. जे वाक्य लिहून दिलंय तेच म्हणायचं, त्यात एक शब्द घालायचा नाही की गाळायचा नाही. किल्ली नव्हती हे खरंच आहे. किल्ली ठेवायचं काम त्याचं नव्हतं. पकडीला तेल घालायचं कामही त्याचं नव्हतं. ज्यांचं होतं ते मजेत झोपत असतील.

तो आता काहीही बोलला, तरी त्या बाईची पाठ जागेवर येणार नाही. मग आणखी एक माणूस मोडून कोणाला काय मिळणार आहे? पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतं?

आत्याला सांगितलेलं नाही.

शब्दांबद्दल या खेपेला काही लिहीत नाही.

बाबा


२७ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र मी त्याला जेवताना वाचून दाखवलं. त्याने पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही. “बाबांनी असं लिहिलंय?” म्हणाला. मग पत्र हातात घेऊन अक्षर बघितलं. म्हणाला, “लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटली तेव्हा कान धरून नेलं होतं मला. चेंडू दुसऱ्याने मारलेला होता, तरी.” मग ताट उचललं, घासलं, पालथं घातलं.

मी चिडून लिहीत नाहीये. चिडता येत असतं तर या पत्रावर चिडले असते. पाकिटाच्या मागे तुमचंच नाव आहे ना, हे मीही एकदा पाहून घेतलं, एवढंच.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही आणि मलाही गेल्या आठवड्यापर्यंत नव्हती. तो सकाळी फिरायला म्हणून जातो तो ती बाई आहे त्या दवाखान्यात जातो. वर जात नाही. खाली जिथे जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्यात, तिथे भिंतीला टेकून उभा राहतो आणि परत येतो. मला दिसला, कारण पुस्तिकेच्या कामासाठी मी तिथल्या परिचारिकांना भेटायला गेले होते. मला पाहून तो दचकला नाही. मी विचारलं, “वर गेलास?” तो म्हणाला, “काय म्हणून जाऊ?”

मग मी गेले.

बाईजवळ तिचा भाऊ बसला होता. बस चालवतो, अंगावर कामाचा शर्ट तसाच. त्याने उठून मला खुर्ची दिली. मी विचारलं, कशा आहेत? तो म्हणाला, कालपासून हाक मारली की पापणी हलवते, पण ओळख नाही. उशाशी एका डबीत चष्मा होता. म्हणाला, “हिला लागत नाही चष्मा. गिऱ्हाईकाचा आहे. त्या दिवशी पिशवीत होता, दांडीसुद्धा वाकली नाही. माणसाने यावं आणि घेऊन जावं, कोणाचा आहे कोण जाणे.” मग विचारलं, “तुम्ही दुकानातल्या का?”

मी हो म्हणाले.

एवढं एकच खोटं, आणि तेही ठरवून नाही. तोंडातून गेलं. बघा, मीही ‘गेलं’ म्हणतेय.

आता कामाचं. कॉन्शन्स आणि कॉन्शसनेस. दोघांनाही ‘कोन्सिएन्सिया’. मनाचा कौल आणि शुद्ध, दोन्हींना एकच शब्द. परिचारिकांच्या पुस्तिकेत हे चालेल का? एका ओळीत रुग्णाची शुद्ध तपासायची आहे आणि पुढच्या ओळीत स्वतःचं मन. मग मी ‘इन्कोन्सिएन्त’ काढून पाहिला. शब्दकोशात दोन अर्थ एकाखाली एक दिलेत. पहिला, बेशुद्ध. दुसरा, बेजबाबदार माणूस. मी कोश मिटून ठेवला. चौकशी सोळा तारखेला आहे.

तुमची सून


५ एप्रिल

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

कोन्सिएन्सिया दोन्हीकडे चालेल. वाचणारी मुलगी पलंगापाशी उभी असेल, तर तिला पहिला अर्थ कळेल, आणि घरी जाताना दुसरा. घोटाळा शब्दकोश करणाऱ्यांचा होतो, बोलणाऱ्यांचा होत नाही. फार तर पहिल्याला ‘एश्तादु द कोन्सिएन्सिया’ म्हण, शुद्धीची अवस्था, म्हणजे संपादिकाबाई गप्प बसतील.

त्या काचेचं. चेंडू दुसऱ्याने मारला होता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी नेलं, कारण तो तिथे उभा होता आणि पळून गेला नव्हता. जो पळत नाही त्याला धरणं सोपं असतं. मास्तरकीत अशा बऱ्याच सोयी असतात.

मागच्या पत्राबद्दल तू काही विचारलं नाहीस. तरी उत्तर देतो. ते बापाने लिहिलं होतं. त्यावर सरांचं मत विचारू नकोस, मीही त्यांना विचारलेलं नाही. रोज सकाळी उठलो की वाटतं, दुसरं पत्र टाकावं. मग वाटतं, टाकून लिहिणार काय? त्याला तुरुंगात टाकणारं वाक्य मी माझ्या हाताने लिहून देऊ? माझ्याच्याने होत नाही. चाळीस वर्षं मी फळ्यावर ‘मी चूक केली’ आणि ‘माझ्याकडून चूक झाली’ यातला फरक शिकवला. फळ्यावर तो फार ठळक दिसतो.

आत्याला सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं. ती म्हणाली, “त्याला नीट जेवायला घालते का ती?” एवढंच. घालतेस ना?

बाबा


१८ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न.

घालते. आत्यांना सांगा.

परवा चौकशी झाली. मला मागच्या बाकावर बसू दिलं. खोली लहान, टेबलाच्या पलीकडे तीन जण, त्यांतली एक बाई सगळं लिहून घेत होती. पंखा चालू होता, त्यामुळे कागदांवर पाण्याचे पेले ठेवले होते. वकील तुमच्या मुलाच्या शेजारी बसला होता. बसचालक भाऊ समोरच्या रांगेत. आत येताना त्याने मला पाहिलं आणि ओळखीचं हसला. मग मी कोणाच्या मागे बसतेय ते त्याने पाहिलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, तपासणी तुम्ही केलीत? तो म्हणाला, हो. विचारलं, तळाच्या भागाची केलीत? मला वाटलं, आता ते वाक्य येणार. घरी तो वकिलासमोर ते चार वेळा म्हणाला होता, एकदाही अडखळला नव्हता.

तो म्हणाला, “मी खाली उतरलो नाही.”

वकील म्हणाला, माझ्या अशिलाला असं म्हणायचंय की किल्ली उपलब्ध नव्हती. तो म्हणाला, “रखवालदार आणून देत होता. मी नको म्हटलं.”

लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, “परत सांगा, लिहायचंय.” त्याने परत सांगितलं, त्याच आवाजात, जसं कोणाला पत्ता सांगावा. “उतरायला हवं होतं, हे मला माहीत होतं. न बघता मी ठीक लिहिलं.” वकिलाने पेनाला टोपण लावलं.

मग भावाला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. तो उभा राहिला. मला वाटलं, हा आता ओरडेल, आणि खरं सांगते बाबा, मी वाट बघत होते. कोणीतरी ओरडावं. पण त्याने एकच विचारलं.

“खाली उतरून बघायला वेळ किती लागतो?”

“वीस मिनिटं,” तुमचा मुलगा म्हणाला.

भाऊ खाली बसला. अधिकारी पाणी प्यायले.

त्याचा परवाना गेला. नोकरी तर गेल्यातच जमा होती. पुढे खटला होईल, वकील म्हणतो शिक्षा होऊ शकते, आणि आता कंपनी त्याला वकील देणार नाही. हे सांगताना वकील रागावलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाला, “वहिनी, असं फार कमी जण करतात,” पण ते चांगलं की वाईट ते बोलला नाही.

बाहेर जिन्यात भाऊ भेटला. म्हणाला, “तुम्ही दुकानातल्या नाही.” मी म्हणाले, “नाही.” तो खाली उतरायला लागला. दोन पायऱ्या खाली गेल्यावर थांबून, मागे न बघता म्हणाला, “ती शुद्धीवर आली परवा. पहिलं विचारलं, दुकान कोणी उघडलं. पाय हलत नाहीत.” हे त्याने आम्हाला का सांगितलं, मला कळलं नाही. तुमचा मुलगा माझ्या मागेच उभा होता. त्याने ऐकलं.

तुम्हाला वाटेल, घरी येऊन काही मोकळं झालं असेल. नाही झालं. तो बूट काढून झोपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहिला. मी शेवटचे शब्द लावले. संध्याकाळी तो उठला तेव्हा मी विचारलं, “तिथे तसं का सांगितलंस?” तो म्हणाला, “त्यांनी विचारलं.” मग म्हणाला, “तूही विचारलं होतंस. तेव्हा मला जमलं नाही.”

मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता बहुतेक. मी वाट बघितली, पण तसं काही आलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो तसाच बसून राहिला आणि मीही. हात मात्र बऱ्याच वेळाने काढला.

पुस्तिकेचं काम संपलं. संपादिकाबाईंनी विचारलंय, आभारांत तुमचा उल्लेख कसा करू? सर की सासरे?

तुमची सून


२६ एप्रिल

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या दाढीनिशी वाचलं आणि उरलेली अर्धी दुपारी केली.

त्याने माझं ऐकलं नाही. लहानपणापासून कधी ऐकलं नाही, त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर बोललो. ती वाईट सवय इतक्या वर्षांनी कामाला आली. त्याला हे सांगू नकोस, शेफारेल. किंवा सांग.

वीस मिनिटं हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आत्या म्हणते, झोप. मी झोपतो. आमच्या घरातही तुमच्यासारखंच आहे, भांडी मात्र एकदाच घासली जातात.

आभारांत कोणाचाच उल्लेख नको. पुस्तिका आली की मला एक प्रत दे, चुका काढायला.

खटला उभा राहायला वेळ लागेल, असं इथल्या एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. चांगला माणूस आहे, माझाच विद्यार्थी, त्यामुळे पोर्तुगीज अगदीच कच्चं आहे, पण कायदा बरा असावा. त्याचा नंबर पाकिटात घातलाय. त्याने विचारलं, सर, तुमच्या मुलाने कबूल का केलं? मी म्हणालो, त्याला विचारलं होतं म्हणून. त्याला ते समजलं नाही. वर्गातही त्याला बरंच काही समजायचं नाही.

आत्याला शेजारच्या बाई पंधरा दिवस बघणार आहेत. मी येत्या शनिवारी निघतोय. बस सकाळी साडेदहाला तुमच्याकडे पोचते. तू येऊ नकोस, त्याला एकट्याला स्टँडवर पाठव. मला त्याच्याशी काही बोलायचं नाही, तसं त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे तो घाबरणार नाही. आता त्याला वेळ आहे आणि माझी बॅग जड आहे.

बाबा